भरून पावलो

सव्वीस वर्षं यावलच्या तहसील कचेरीबाहेर
लिंबाच्या बुंध्याला टेकवलेल्या टेबलावर
मी दुसऱ्यांची खरेदीखतं लिहिली.
कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे –
एवढं झालं की हात आपला आपण चालायचा,
मी तोवर चहा कोण पाजतंय ते बघायचो.

गेल्या पोळ्याला हातातून वाटी गेली,
मग हातच गेला.
आता परत आलाय, पण पाहुण्यासारखा.
पेन धरतो आणि पुढे काय, म्हणून बसून राहतो.

मुमताज तडवी व्यायाम शिकवायला येते, स्कूटीवर.
म्हणाली, काका, रोज रात्री एक पान.
दिवसात जे चांगलं मिळालं ते लिहायचं.
मी लिहिलं : देवाच्या कृपेने सर्व ठीक. आभारी आहे.
एवढ्याला पाऊण तास.
तिनं वाचलं. म्हणाली, कशाबद्दल?

कशाबद्दल.
गट नंबर नाही, क्षेत्र नाही, चतुःसीमा नाही,
असला दस्त कुणी आणला असता
तर मीच त्याला लिंबाखालून उठवला असता.

म्हणून दुसऱ्या रात्री नीट बसलो.
तारीख घातली. माहे पौष.
लिहून घेणार : लीलाधर तोताराम झोपे,
वय अडुसष्ट, धंदा आता काही नाही.
लिहून देणार –
इथं पेन थांबलं. जागा सोडली.

मिळकतीचं वर्णन :
एक वांगं. हिरवं, बामणोदचं,
पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं.
साल काढताना बोटाला चटका बसला,
उजव्या बोटाला,
आणि मी ओरडलो नाही,
कारण चार महिन्यांनी त्या बोटानं
मला काहीतरी कळवलं होतं.
बडगीतला ठप ठप आवाज, लसूण, कांद्याची पात.
सुनेनं विचारलं, डोळ्यांत पाणी कसलं?
धूर, म्हटलं.
ते खोटं होतं. तोंडी चालतं,
दस्तात चालत नाही, म्हणून इथं खरं लिहिलं.

पूर्वेस शेजारच्यांचा बंब, त्यात जळणाऱ्या तुराट्या.
पश्चिमेस केळीचा बाग. वारा नसतानाही एखादं पान टरकतं,
जुनं धोतर फाडावं तसं.
दक्षिणेस, थंडी फार असली की,
सहा कोसांवरून भुसावळची गाडी.
उत्तरेस सातपुडा असतो.
आज दिवसभर धुरकट होतं, दिसला नाही.
लिहिला नाही.

दोन तास लागले. अक्षर कोंबडीच्या पायाचं.
पूर्वी अर्ध्या तासात चार एकर विकून मोकळा व्हायचो,
माती काळी की पांढरी
कुणाला विचारलं नाही.
हात हळू चालायला लागल्यावर
ते सगळे आंगठे आठवतात,
धरून शाईत दाबायचो ते.
थंड असायचे, उन्हाळ्यातही.
एका बाईच्या आंगठ्याच्या रेषांत
दादरीचं पीठ अडकलं होतं.
ठसा उठेना. मी खेकसलो. तिनं आंगठा पदराला पुसला,
पुन्हा पुढे केला.
नाव आठवत नाही. हजारदा लिहिलेल्यांत कुठंतरी असेल.
त्या रात्रीच्या पानात ते पीठ आलं,
वांग्याच्या खाली,
आणि ते खोडलं नाही.

मोबदला : निरंक.
साक्षीदार एक, मुमताज तडवी, बुधवारी वाचेल.
साक्षीदार दोन, पितळी तांब्या. रात्रभर इथंच असतो,
सकाळी ओठाला लावला की दात शिवशिवतात.

लिहून देणारची जागा अजून कोरी आहे.
सही येत नसली तरी हरकत नाही,
आंगठा चालेल, पीठ लागलेला असला तरी.

वरील मिळकत आज रोजी प्रत्यक्ष ताब्यात मिळाली.
भरून पावलो.
गुडघ्याबद्दल तक्रार आहे,
ती वेगळ्या कागदावर.